आफ्रिकान्स : कुणाच्या तोंडची भाषा?

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दोन शब्दांपासून सुरुवात करतो. चाबूक आणि तुरुंग. दोन्ही आपल्या चांगल्या ओळखीचे. पुस्तकात वाचून झालेली ही ओळख नव्हे.

दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकान्स नावाची भाषा आहे. तिच्यात कातड्याच्या जाड चाबकाला 'सांबोक' म्हणतात आणि तुरुंगाला 'ट्रोंक'. सांबोक म्हणजे आपलाच चाबूक. शब्द फारसीचा. तिथून पूर्वेकडे मलायी मुलखात गेला, तिथं त्याचा 'चाम्बुक' झाला, आणि गुलामांच्या जहाजातून आफ्रिकेच्या टोकाला, केपला उतरला. ट्रोंकची गोष्टही तशीच. पोर्तुगीजमध्ये 'ट्रोंको' म्हणजे झाडाचं खोड. त्याच खोडाला भोकं पाडायची आणि कैद्याचे पाय त्यात अडकवायचे. आपण त्याला खोडा म्हणतो. त्या ट्रोंकोचा आपल्याकडे तुरुंग झाला, केपला ट्रोंक झाला.

आता मला सांगा. आफ्रिकान्स ही गोऱ्यांची भाषा, डच भाषेची पोरगी, एवढंच आपल्याला माहीत. मग गोऱ्या मालकाच्या भाषेत हे शब्द आले कुठून? हॉलंडात चाबूक नव्हते? तुरुंग नव्हते? ढीगभर होते. डच भाषेत त्यांना शब्दही होते, ते आफ्रिकान्समध्ये आलेलेही आहेत. तरीही हे दोन शब्द घुसले आणि टिकले. ज्यांच्या पाठीवर चाबूक पडत होता त्यांच्या तोंडून ते मालकाच्या तोंडात गेले.

मागच्या बैठकीत एक साथी म्हणाला, ज्या भाषेविरुद्ध सोवेटोची पोरं गोळ्या खाऊन मेली त्या भाषेचा इतिहास आपण कशाला उगाळायचा? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच आज बोलायला उभा राहिलो.

आधी खरं ते सांगून टाकू. आपल्याला गोड लागतं म्हणून खोटा इतिहास सांगायचा नाही. आफ्रिकान्समधले शंभरातले नव्वदाहून जास्त शब्द डच भाषेतलेच आहेत. मूळ डचच. पण कुठलं डच? ॲमस्टरडॅमच्या पंडिताचं, चर्चमधल्या पाद्र्याचं? नाही. सतराव्या शतकातल्या बंदरांतलं, खलाशांचं, शिपायांचं, भाकरीसाठी कंपनीत भरती झालेल्या फाटक्या माणसांचं डच. त्यातले कित्येक तर जर्मन आणि उत्तरेकडच्या इतर मुलखांतले, डच त्यांची मायबोलीच नव्हती. याचा पुरावा घरातच सापडतो. आफ्रिकान्समध्ये स्वयंपाकघराला 'कोम्बेइस' म्हणतात. डचमध्ये हा शब्द जहाजावरच्या स्वयंपाकाच्या खोलीचा. घरातल्या स्वयंपाकघराला तिथं वेगळा शब्द आहे. जहाजातून उतरलेल्या माणसाने जमिनीवर घर बांधलं आणि चुलीच्या खोलीला जहाजातलंच नाव ठेवलं. हे कोम्बेइस लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

1652 च्या एप्रिलमध्ये यान फान रिबेक नावाचा डच ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस केपच्या किनाऱ्याला लागला. देश वसवायला म्हणून तो आला नव्हता. हॉलंडहून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जाकार्ताला, जाणाऱ्या जहाजांना पाणी, भाजीपाला आणि मटण पुरवायचं ठाणं उभं करायचं, एवढंच कंपनीचं काम. हीच ती कंपनी, जिची वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती. पडक्या भिंती अजून आहेत तिथं, बघून या.

केपला माणसं आधीपासून होती. खोईखोई लोक, गुराढोरांचे कळप राखणारे. त्यांच्या भाषेत जिभेचे टकटक आवाज असतात. डचांनी त्या आवाजाची टिंगल करत त्यांना 'हॉटेंटॉट' नाव ठेवलं. माणसाचं नाव टाकून त्याला टिंगलीचं नाव चिकटवायचं, ही युक्ती आपल्याला नवी नाही. पण मटण तर त्यांच्याकडूनच घ्यायचं होतं. मग दुभाषा हवा. क्रोतोआ नावाची दहा-बारा वर्षांची खोईखोई पोरगी फान रिबेकच्या घरात कामाला राहिली. ती डच शिकली, पोर्तुगीज शिकली. सौदे तिच्या तोंडून, भांडणं तिच्या तोंडून, तह तिच्या तोंडून. तिचा चुलता औत्शुमातो हाही दुभाषाच. त्याला फान रिबेकने 1658 साली रॉबेन बेटावर डांबलं. पुढे नेल्सन मंडेला अठरा वर्षं जिथं दगड फोडत होते तेच बेट. क्रोतोआलाही शेवटी त्याच बेटावर टाकलं आणि 1674 साली ती मेली. नव्या भाषेचे पहिले शब्द ज्यांच्या तोंडात तयार झाले त्यांना मिळालेला हा मोबदला.

त्याच 1658 साली दोन जहाजं भरून गुलाम आले, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे. पुढं दीडशे वर्षं ते येतच राहिले. मादागास्कर, मोझांबिक, जावा, सेलेबिस, सिलोन. आणि हिंदुस्थान! बंगाल, मलबार, कोरोमंडल. रॉबर्ट शेल या इतिहासकाराचा अंदाज असा, की 1808 पर्यंत केपला सुमारे त्रेसष्ट हजार गुलाम आणले गेले आणि त्यातला जवळपास चौथा हिस्सा हिंदुस्थानातला होता. आपल्याकडे परदेशी गेलेल्यांचा इतिहास लिहितात तेव्हा मळ्यावरचे गिरमिटिये सांगतात, बॅरिस्टर सांगतात. त्यांच्या दोनशे वर्षं आधी बेड्या घालून नेलेले हे लोक कुणाच्या हिशेबातच नाहीत. यादीत त्यांची नावं कशी? अँजेला फान बेंगालेन. बंगालची अँजेला. आईबापाने ठेवलेलं नाव कुठं गेलं कुणास ठाऊक. फान रिबेकनेच तिला विकत घेतलं होतं. 1666 साली ती सुटली.

अठराव्या शतकात केपला मुक्त गोऱ्यांपेक्षा गुलामांची संख्या जास्त झाली. 1793 साली गुलाम साडेचौदा हजारांवर, मुक्त नागरिक चौदा हजारांच्या आत. आता ही माणसं एकमेकांशी बोलणार कशात? मलबारचा माणूस, जावाचा माणूस, मोझांबिकची बाई, खोईखोई गुराखी. काहींकडे मलायी होती, काहींकडे मोडकी पोर्तुगीज, जी हिंदी महासागराच्या बंदराबंदरांत गुलाम आणि नोकर बोलत. (तसलीच एक पोर्तुगीज बोली आपल्या रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याजवळच्या कोर्लईत, ख्रिस्ती वस्तीत अजून बोलतात.) आणि सगळ्यांवर हुकूम चालायचा तो डचमध्ये. हुकूम ऐकायचा डच, तो आपापसात सांगायचा आपल्या पद्धतीने. मोठी माणसं दुसऱ्याची भाषा मारून-मुटकून शिकतात तेव्हा तिच्यातला फालतू बोजा खाली टाकतात.

बोजा म्हणजे काय ते दाखवतो. डचमध्ये 'मी आहे, तू आहेस, तो आहे, आम्ही आहोत' हे असं : इक बेन, येई बेंट, हेई इस, वेई झेईन. चार माणसं, चार रूपं. आफ्रिकान्समध्ये? एक इस, येई इस, हेई इस, ऑन्स इस. मी हाय, तू हाय, तो हाय, आमी हाय. खलास! नामांना लिंगाप्रमाणे दोन वेगळे उपपद होते, त्यांचं एकच केलं. भूतकाळाची डोकेफोड रूपं काढून टाकली.

आलं ना हसू? मलाही आलं होतं. शाळेत मी वहीत 'आमी हाय' लिहिलं होतं आणि मास्तरांनी सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवून छडी मारली होती. गंमत अशी की इंग्रजीनेही बराचसा हाच उद्योग केला. लिंगं टाकली, रूपं टाकली. साहेबाने केलं की ती भाषेची प्रगती. गुलामाने केलं की ती मोडतोड!

शब्द तर बघा. 'पुष्कळ' याला आफ्रिकान्समध्ये रोजचा शब्द 'बाया', तो मलायी 'बान्याक'मधून आला. बशी 'पीरिंग', मलायी. केळं 'पीसांग', मलायी. लोणचं 'आचार', हे तर तुम्हीच ओळखाल. मका 'मीली' आणि गुरांचा गोठा 'क्राल', पोर्तुगीज. पोर सांभाळणारी बाई 'आया', पोर्तुगीज, आपल्याकडेही तीच आया. पाठीवर पोर बांधून न्यायचं त्याला 'आब्बा', हा खोईखोई. किडामुंगीला 'खोखा', खोईखोई. आणि काही लागलं, भाजलं, ठेचकाळलं की गोऱ्या बाईच्या तोंडूनही जे निघतं ते 'एयना!' तेही खोईखोई. विव्हळणंसुद्धा त्यांनी उसनं घेतलं.

शब्दाला शब्द जोडायची पद्धतही पाहा. हसतहसत म्हणायला 'लाख-लाख', पटापट म्हणायला 'खौ-खौ'. (तिकडे 'ग' लिहितात आणि 'ख' म्हणतात.) डच माणूस असं बोलत नाही. मलायी माणूस बोलतो आणि आपण तर उठताबसता बोलतो. वाक्यात नकार दोनदा येतो, मध्ये एक 'नी' आणि शेवटी आणखी एक 'नी'. याच्यावरून पंडितांची अजून मारामारी चालू आहे. हान्स डेन बेस्टेन हा डच भाषाशास्त्रज्ञ म्हणायचा की याच्यामागे खोईखोई आहे. दुसरे म्हणतात, नाही, हे डचच्या खेडवळ बोलींतच होतं. मला वाटतं दोन्हीकडून रेटा मिळाला असेल. पण भांडण नुसतं व्याकरणाचं नव्हतं, हे पुढं कळेल.

ही भाषा गोऱ्यांच्या घरात शिरली कशी? दारातून नाही, चुलीपासून. गोऱ्यांच्या पोरांना अंगावर पाजणाऱ्या, मांडीवर निजवणाऱ्या, जेवू घालणाऱ्या आया गुलाम होत्या. पोराच्या कानावर पहिली भाषा पडली ती त्यांची. बाप रविवारी चर्चमध्ये डच बायबल ऐकायचा, पोरगा घरी आयाच्या भाषेत भांडायचा. एकोणिसाव्या शतकातले शिकलेले गोरे या बोलण्याला काय म्हणत? 'कोम्बेइस-ताल'. स्वयंपाकघरातली भाषा! शिवी म्हणून दिलेलं नाव, पण भाषेचा जन्मदाखला म्हणून बिनचूक.

आता लिहिण्याचा मामला. 1793 च्या सुमारास केप टाऊनच्या डॉर्प रस्त्यावर एक मदरसा निघाला. काढणारा तुआन गुरू, तिदोर बेटाचा, डचांनी राजकैदी म्हणून रॉबेन बेटावर ठेवलेला. तिथं गुलामांची आणि सुटलेल्या गुलामांची पोरं शिकायची. एकोणिसाव्या शतकात ही पोरं धडे वहीत उतरवून पाठ करायला लागली. भाषा आफ्रिकान्स, अक्षरं अरबी! पुढं 1860 नंतर तुर्की सुलतानाने धाडलेले अबू बक्र एफेंदी केपला आले, लोकांची भाषा शिकले आणि धर्माचरणाचं एक जाडजूड पुस्तक त्याच भाषेत लिहिलं. 'बयानुद्दीन'. 1869 मध्ये लिहून झालं, 1877 साली इस्तंबूलला छापलं. अरबी लिपीत जेर-जबर घालून लिहिल्यामुळे तेव्हाचे उच्चार त्यात जसेच्या तसे सापडतात. केप टाऊनच्या अहमद डेव्हिड्स नावाच्या अभ्यासकाने असले जुने कागद तपासण्यात उमर घातली. 1998 साली तो वारला. त्याचा प्रबंध पुस्तक होऊन निघायला 2011 उजाडलं.

आणि गोरे? गोऱ्यांची गोष्ट पार्ल गावची. तिथं अर्नोल्डस पॅनेव्हिस नावाचा हॉलंडहून आलेला मास्तर होता. त्याने 1874 साली ब्रिटिश बायबल सोसायटीला लिहिलं की बायबल आफ्रिकान्समध्ये आणा. कशासाठी? तर तिथल्या काळ्यासावळ्या लोकांना डच बायबल समजत नाही म्हणून! सोसायटीने नकार दिला, असल्या बोलीसाठी बायबल नाही. पुढच्याच वर्षी, 14 ऑगस्ट 1875 रोजी, त्याच पार्लला 'खऱ्या आफ्रिकानर लोकांची मंडळी' स्थापन झाली. पुढारी एस. जे. डू टॉइट, पाद्री. 1876 च्या जानेवारीत 'दी आफ्रिकान्स पॅट्रिअट' हे पत्र निघालं. आता ही भाषा गोऱ्या ख्रिस्ती राष्ट्राची झाली, देवाने त्यांना दिलेली. ज्यांच्यासाठी बायबल मागितलं होतं ते वर्षभरात चित्रातून गायब. 'खऱ्या' या शब्दाकडे नीट बघा. कुणीतरी खोटे ठरल्याशिवाय कुणी खरं होत नाही.

हेही सांगायला हवं की इंग्रजांनी या बोअर लोकांना कमी छळलं नाही. 1899 ते 1902 च्या युद्धात इंग्रजांच्या छावण्यांत सव्वीस हजारांवर बोअर बायका-पोरं मेली. काळ्यांच्या वेगळ्या छावण्या होत्या, तिथंही चौदा हजारांवर माणसं मेली. त्यांची मोजदाद करायला कुणाला सवड नव्हती. शाळेत इंग्रजी लादली गेली. या अपमानातून भाषेचा अभिमान पेटला. 1925 साली आफ्रिकान्सला सरकारी दर्जा मिळाला, 1933 साली बायबल आलं. स्वयंपाकघरातली भाषा दिवाणखान्यात जाऊन बसली आणि तिने स्वयंपाकघराकडे पाठ केली. छळ सोसलेला माणूस दुसऱ्याला छळणार नाही असं आपण धरून चालतो. तसं काही नसतं.

1948 साली त्यांची सत्ता आली. त्यांच्या राज्याचं जगभर बदनाम झालेलं नावच या भाषेतलं. 'आपार्टहेइट'. 'आपार्ट' म्हणजे अलग, 'हेइट' म्हणजे पणा. अलगपणा. 1949 साली गोऱ्यांचं इतरांशी लग्न बेकायदा. आता पंडितांचं भांडण समजून घ्या. हॉलंडच्या हेसेलिंगने 1899 सालीच लिहिलं होतं की या भाषेवर गुलामांच्या मलायी-पोर्तुगीज बोलीचा हात फिरलेला आहे. 1966 साली मारियस फाल्कॉफने मिश्रणाचा तोच मुद्दा दक्षिण आफ्रिकेत बसून मांडला, तर त्याच्यावर तुटून पडले. आफ्रिकान्स शुद्ध गोरी, डच बोलींतून सरळ वंशाने उतरलेली, असंच शिकवायचं होतं. कारण भाषेत मिसळ मान्य केली की पुढचा प्रश्न येतो : चुलीपाशी फक्त भाषाच मिसळली का रे बाबांनो?

ही मिसळ ज्यांच्या अंगावर दिसत होती त्यांना सरकारी दाखल्यात 'कलर्ड' म्हणत. गुलामांचे आणि खोईखोईंचे वंशज. त्यांची मायबोली आफ्रिकान्स. केप टाऊनमध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची त्यांची वस्ती होती. 1966 साली ती गोऱ्यांसाठी राखीव जाहीर केली, साठ हजार माणसं उचलून बाहेर वाळूच्या माळावर फेकली आणि घरांवर बुलडोझर फिरवले. बाकांवर, दारांवर पाट्या होत्या : 'स्लेख्स ब्लांकेस', फक्त गोऱ्यांसाठी. ती पाटी वाचून बाजूला होणाऱ्या बाईच्या पणजीने ती भाषा घडवलेली.

ऑक्टोबर 1975. पार्लच्या डोंगरावर आफ्रिकान्स भाषेचं स्मारक उघडलं. सत्तावन्न मीटर उंच सुळका. युरोपसाठी खांब, आफ्रिकेसाठी घुमट, आणि मलायी लोकांसाठी? एक भिंत.

त्यानंतर आठ महिन्यांनी सोवेटो. 1974 च्या सरकारी हुकुमाने काळ्या शाळांत गणित आणि समाजशास्त्र आफ्रिकान्समध्ये शिकवायचं ठरलं. मास्तरांनाच ती धड येत नव्हती. आणि पोरांनी ती भाषा ऐकली होती ती कुणाच्या तोंडून? पोलिसाच्या, पासवाल्या कारकुनाच्या, जेलरच्या. 16 जून 1976 ला हजारो पोरं रस्त्यावर आली. पोलिसांनी गोळ्या घातल्या. हेक्टर पीटरसन बारा वर्षांचा होता. पुढच्या काही महिन्यांत, सरकारी आयोगाच्या आकड्याप्रमाणेसुद्धा, पाचशे पंचाहत्तर माणसं मेली. जुलैत सरकारने तो हुकूम मागे घेतला.

आज तिकडे काही गोरे शहाणे म्हणतात, अहो, ही तर गुलामांनी घडवलेली भाषा, तिच्यावर राग कशाला? यांची चलाखी ओळखा. गुलामांचं नाव शंभर वर्षं पुसलं आणि आता अडचण आली तर त्यांनाच ढाल म्हणून पुढे करतात. सोवेटोच्या पोरांना बान्याकचा बाया कसा झाला हे माहीत असतं तरी त्यांनी तेच करायला हवं होतं. आणि ऑगस्ट 1976 मध्ये काय झालं ते बघा. केप टाऊनची कलर्ड पोरं रस्त्यावर उतरली. घरात आईशी आफ्रिकान्स बोलणारी पोरं! त्यांनीही दगड उचलले, त्यांनीही गोळ्या खाल्ल्या. त्यानंतर त्यांच्यातल्या कित्येक घरांनी लेकरांशी आफ्रिकान्स बोलणं सोडलं आणि इंग्रजी धरली. आईची भाषा टाकणं म्हणजे काय, हे मला नीट सांगता येणार नाही. बरोबर केलं की चूक, यावर मी निकाल देणार नाही.

काहींनी सोडली नाही. ॲडम स्मॉल कलर्ड वस्तीची बोली जशीच्या तशी लिहित राहिला, कवितेत आणि नाटकात. त्या बोलीला काप्स म्हणतात, केपची बोली. शुद्धवाले तिला विनोदी म्हणायचे. त्याला हर्ट्झोग पारितोषिक मिळालं 2012 साली, तेव्हा तो पंचाहत्तर ओलांडून गेला होता. 2011 च्या जनगणनेत आफ्रिकान्स बोलणाऱ्यांत साठ टक्के लोक गोरे नव्हते. म्हणजे पूर्वीही ती एकट्या गोऱ्यांची नव्हती, आजही नाही. पण पाठ्यपुस्तकातली 'प्रमाण' आफ्रिकान्स अजून गोऱ्या घरातलीच आहे. केप टाऊनच्या माळावरची पोरगी शाळेत काप्स बोलली की मास्तर तिला दुरुस्त करतात.

2021 साली वेस्टर्न केप विद्यापीठातल्या लोकांनी आणि वस्तीतल्या हिपहॉप गाणाऱ्या पोरांनी मिळून काप्सचा शब्दकोश करायला घेतला आहे. तीन भाषांचा : काप्स, इंग्रजी, आफ्रिकान्स. त्या कोशात काप्स आणि आफ्रिकान्स शेजारी-शेजारी बसणार, दोन वेगळ्या रकान्यांत.

पाणी पितो. मग प्रश्न विचारा.